घरटी एक

कोसमटोल्यात आता मोबाइल नसलेलं घर उरलेलं नाही. ग्रामसभेचा ग्रुपसुद्धा आहे. बोडीचा, म्हणजे गावतळ्याचा, गाळ काढायचा असो की पाट दुरुस्त करायचा असो, सरपंच आदल्या दिवशी त्यावर जोडलेल्या हातांच्या चित्रासकट निरोप टाकतात, लोक चटाचट अंगठे दाखवतात, आणि सकाळी बोडीवर सरपंच आणि त्यांची मोटरसायकल एवढेच हजर असतात. मग ते मुकाट्याने लहानू उंदीरवाडेच्या अंगणात येतात. लहानू घाई करत नाही. चहा संपवतो, दुपट्टा खांद्यावर टाकतो, गल्लीच्या तोंडाशी उभा राहतो, दोन्ही हात तोंडाशी धरतो आणि हाक देतो, "घरटी एक होऽऽ!" तेव्हा कुठे गाव हलतं.

घरटी एक म्हणजे ज्या कामात सगळ्या गावाचं भलं, त्या कामाला प्रत्येक घरून एक माणूस. जंगलात वणवा लागला, मयताला लाकडं तोडायची आहेत, तेंदूपानांच्या भावासाठी तहसीलवर मोर्चा न्यायचा आहे, काहीही असो. म्हातारं येऊ दे, पोरगी येऊ दे, चार दिवसांसाठी आलेला जावई येऊ दे, पण घर रिकामं राहता कामा नये. हाक देणारा दारापुढे थांबतो आणि आतून उत्तर येतं, "आमच्या घरून मी." उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या दाराला जायचं नाही, असा नियम आहे. नियम सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण लहानूइतका तो कोणी मनावर घेतलेला नाही. एकदा शेजारचा लटारू भांडेकर संडासात होता. लहानू दारात उभा राहिला, लटारू आत बसून राहिला, आणि शेवटी आतूनच "आमच्या घरून मी, पन जरा वेळानं" असं उत्तर आलं तेव्हा लहानू पुढे सरकला. गाव अजून ती गोष्ट सांगून हसतं.

स्वतःच्या घराचीही त्याने कधी गय केली नाही. सगळं गाव फिरून झालं की शेवटी तो आपल्याच दारापुढे येतो, हाक देतो आणि आपणच उत्तर देतो, "आमच्या घरून मी." थोरला अश्वजित जन्मला त्या दिवशी डोंगराला वणवा लागला होता. लहानू गेला, आग विझवून काजळी माखल्या हातांनी परत आला आणि तसंच बाळ उचलून घेतलं. बायको कांता हे आजही विसरलेली नाही, आणि त्यालाही विसरू देत नाही.

असा हा माणूस. आवाज एवढा मोठा, पण तहसील, पोलीस, कोर्टकचेरी असा शब्द निघाला की तो मांजरासारखा गप्प होतो. त्याला कारण आहे.

लहानूचा बाप मुखरू. छप्पन साली चांद्याला बौद्ध धम्माची दीक्षा झाली तेव्हा आपल्या बापाच्या खांद्यावर बसून गेलेला. स्वतःला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण पोराला शिकवायचं हे त्याच्या मनात त्या दिवसापासून पक्कं. लहानू दहावी पास झाला, गावातला पहिलाच. मुखरूने त्याला चामोर्शीला ज्युनिअर कॉलेजात घातलं आणि महिनाभर भेटेल त्याला थांबवून सांगितलं.

पण ते दिवस चांगले नव्हते. जंगलातून दादालोक, म्हणजे नक्षलवादी, गावात येत, लोकांना जमवत आणि शिकलेल्या पोराला पुढे बसवून पत्रक वाचायला लावत. ते गेले की पोलीस येत आणि पत्रक कोणी वाचलं ते विचारत. वाचता येणं हाच गुन्हा होऊन बसला होता, आणि गावात धडपणे वाचता येणारा लहानू एकटाच. दिवाळीनंतर एका सकाळी मुखरू रिकामं पोतं घेऊन चामोर्शीला आला. लहानूचं अंथरूण, भांडी, पुस्तकं सगळं त्यात भरलं आणि तोंड बांधलं. "शिकनं मागून बी होते रे," तो म्हणाला, "जीव मागून येत नाई." ते पोतं डोक्यावर घेऊन मुखरू पुढे आणि लहानू मागे, असे ते घरी आले. लहानू पुष्कळ दिवस बापाशी बोलला नाही. पुढे त्याच्याच वर्गातला एक पोरगा जंगलात गेला तो परतला नाही, आणि दुसऱ्याला खबऱ्या म्हणून मारलं. तेव्हा तो बोलायला लागला. पण अकरावी अर्धी राहिली ती राहिलीच.

मग त्याने सगळी हौस पोरांवर घातली. अश्वजितला डी.एड. केलं. तेव्हा डी.एड. म्हणजे हमखास मास्तर, असं जो तो म्हणत होता. अश्वजितने डी.एड. पुरं केलं आणि मास्तरांची भरतीच बंद पडली. बरीच वर्षं वाट पाहून तो आता खाणीच्या मालाचा डंपर चालवतो. लटारू म्हणतो, आपल्या तालुक्यातले ड्रायव्हर सगळ्या देशात जास्त शिकलेले असतील. म्हणतो ते चिडवायला, पण खोटं नाही.

लटारूचं मत साधं होतं. आयटीआय करावं, कंपनीत लागावं, नाहीतर घरची धानाची बांधी कसावी. कॉलेज म्हणजे पुढारी बनवायचा कारखाना. गावात आता बरेच जण असंच म्हणत, आणि त्यांचंही अगदी चुकत होतं असं नाही. अश्वजित रोज डोळ्यांपुढे दिसत होता. तरी लहानूने धाकट्या रिनाला चामोर्शीला बी.एस्सी.ला घातलं, कारण तिथे मुलींचं वसतिगृह होतं, कॉलेजच्या जवळ, आणि पोरगी हट्टाला पेटलेली. ती दुसऱ्या वर्षाला गेली तोवर सगळं बरं चाललं होतं.

मागच्या फेब्रुवारीत लाखोरीचं कडधान्य काढणीला आलं असताना बातमी आली की वसतिगृह हलवणार. वरून आदेश निघाला होता. आता पोरींनी गडचिरोलीला राहायचं आणि तिथून चामोर्शीला रोज यायचं, म्हणजे ज्या बसचा सकाळी भरवसा नाही तिच्या जिवावर शिकायचं. निम्म्या पोरी घरी बसणार हे कोणालाही दिसत होतं. आदेश काढणाऱ्याला तेवढं दिसलं नव्हतं. मुलामुलींनी चौकात ठिय्या मांडला.

एका सकाळी लटारू मोबाइल हातात धरून अंगणात आला.

"लहानूभाऊ, हे पाह्य. चामोर्शीच्या पोट्ट्या सडकेवर बसल्या हायेत. मी म्हनलं होतं का नाई?"

फोटोत पोरी बसल्या होत्या आणि मागे पोलीस उभे होते. लहानूने फोटो बोटांनी मोठा केला, इकडून तिकडे सरकवला. रिना दिसली नाही. दिसली नाही म्हणून बरं वाटावं, तर पोलिसांच्या काठ्याच मोठ्या दिसत राहिल्या.

"एकदा का नाव लिवलं ना भाऊ पोलिसानं," लटारू म्हणाला, "मंग नोकरी नाई, लगन नाई. घेऊन ये पोरीले. जवानीत तूच पाह्यलं ना सारं."

लटारू वाईट माणूस नव्हे. त्याची नात चंचल बारावीला होती, तिच्याबद्दलही तो हेच बोलत होता. पण त्याचं शेवटचं वाक्य लहानूच्या नेमकं जुन्या जखमेवर बसलं. तो उठला, घरात गेला आणि वळचणीचं रिकामं पोतं काढून झटकू लागला.

कांता चुलीपाशी होती. पोतं पाहूनच ती समजली.

"पोरगी तेंदूचा पुडा हाये का, पोत्यात भराले?"

"तुले नाई समजत."

"मले नाई समजत, तुमाले समजते, अन् पोरीले इचारालेच नको," ती म्हणाली. "बुढ्यानं तुमाले आनलं, ते आजपर्यंत घोकता. आता पोरीले आनून ठेवा. ती बी घोकन."

लहानूने पोत्याची घडी काखेत मारली आणि बस धरली. बस वळणाआड गेल्याबरोबर कांताने रिनाला फोन लावला, तो लागला नाही. मग तिने निरोप रेकॉर्ड करून टाकला, बाप पोतं घेऊन निघाला आहे म्हणून.

वसतिगृहाच्या फाटकाशी बिरजू चौकीदार एकटाच बसलेला. रिनाचं प्रॅक्टिकल आहे, दोन वाजल्याशिवाय येत नाही, असं त्याने सांगितलं.

"अन् बाकीच्या पोरी?"

"काही पेपरले, काही चौकात. तिकडंच बसा जी काका, सावली हाये तिकडं."

लहानूला चौकात जायचं नव्हतं. पण फाटकाशी तासन्‌तास उभं राहणंही बरं दिसेना. लांबून पाहावं म्हणून तो चौकाच्या कडेला पानटपरीआड जाऊन उभा राहिला. पोरंपोरी ताडपत्रीखाली बसली होती. मधोमध मागण्यांचा फलक. एक सावळीशी, किडकिडीत पोरगी उभी राहून कसली तरी हजेरी घेत होती. तिला सगळे पुनम म्हणत होते.

"एक नंबर खोली?"

"एक नंबरमधून मी."

"दोन नंबर?"

"दोन नंबरमधून मी."

लहानूने कान टवकारले. तो टपरीआडून कधी बाहेर आला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. कडेला बसलेल्या एका पोराला, निकेशला, त्याने विचारलं, "हे असं तुमाले कोनं शिकवलं?"

"आमच्या इथी रिना आहे ना काका, बी.एस्सी.ची. तिच्या गावात असंच असते म्हने. सगळेच इथी बसले तर सगळ्यायचे पेपर बुडतीन. म्हनून खोलीतून एक, बाकीच्यायनं अभ्यास कराचा. आम्ही पोट्टेबी तसंच करून राह्यलो."

बोडीच्या गाळासाठी दिलेली हाक इतक्या लांब येऊन पोचली आहे, हे लहानूला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

"चार नंबर?" पुनमने विचारलं.

कोणी बोललं नाही.

"चार नंबरमधून कोनीच नाई," मागून एकीने सांगितलं. "खुशबू तापानं घरी गेली. रिनाचं प्रॅक्टिकल आहे."

"बरं, राहू दे. पाच नंबर?"

आता खरं तर लहानूने गप्प राहायचं. तो पोरीला इथून काढून न्यायला आला होता. काखेत पोतं होतं, मनात लटारूचे शब्द होते, समोर पोलीस उभे होते आणि पाय घराकडे वळायला केव्हाचे तयार होते. पण उत्तर न घेता ती पोरगी पुढच्या दाराला गेली, हे त्याला सहन झालं नाही. आयुष्यभर त्याने एक दार असं सोडलं नव्हतं. आणि रिकामं राहिलेलं दार कोणाचं, तर त्याच्याच पोरीचं.

"चार नंबरमधून मी," तो म्हणाला. सवयीने एवढ्या मोठ्याने म्हणाला की चौकातल्या कुत्र्याने मान वर केली.

सगळे वळून बघायला लागले. पुनमने हजेरी थांबवली.

"काका, तुम्ही कोन?"

"रिनाचा बाप."

टाळ्या वाजल्या. कोणीतरी सरकून जागा दिली. लहानूने काखेतलं पोतं पसरलं आणि त्याच्यावर मांडी घालून बसला. बसल्यावर एकदा पोलिसांकडे पाहिलं, पण बसला तो बसला. निकेशने पाण्याची बाटली दिली. एका पोरीने डब्यातली अर्धी भाकर पुढे केली. तुमचं गाव कुठलं, हाक कशी देतात, ती करून दाखवा, असं सुरू झालं. लहानूने हाक करून दाखवली नाही. लाजला.

दुपार चढली तशी रस्त्यावर डंपरांची रांग लागली आणि ठाण्याचे साहेब आले. उठा म्हणाले. पोरांनी लेखी द्या म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, लेखी देणारा वेगळा असतो, मी उठवणारा आहे. बराच वेळ असे सवाल-जवाब चालले, आणि मग एक मोठी निळी गाडी येऊन ताडपत्रीपाशी उभी राहिली.

इथे लहानूची अक्कल जराशी आडवी आली. त्याला ठाऊक असलेले मोर्चे तेंदूच्या भावाचे. त्या मोर्च्यांना गाड्या ठरवलेल्या असत, माणसं भरून तहसीलवर न्यायला. त्याला वाटलं, पोरं हुशार, गाडी ठरवली. तो पटकन उठला, पोतं घडी करून काखेत मारलं आणि गाडीच्या दाराशी उभं राहून व्यवस्था लावायला लागला.

"एक एक चढा बाई. धक्का देऊ नोका. लहान्या पोरी अगुदर."

पोलीस थोडे गोंधळले. इतक्या शिस्तीत कोणाला गाडीत चढताना त्यांनी पाहिलं नसावं. सगळ्यात शेवटी लहानू चढायला लागला तेव्हा एका शिपायाने वरून हात दिला.

"लय आभारी हो साहेब," लहानू म्हणाला.

गाडी सुटली. लहानूने पुनमला विचारलं, "तहसीलच्या दारातच उतरवतीन ना?"

पुनमने त्याच्याकडे पाहिलं. हसावं की नाही ते तिला ठरवता येईना.

"काका, आपल्याले पकडलं आहे. ठाण्यात नेऊन राह्यले."

ज्या गोष्टीला लहानूचा बाप भ्याला, ज्या भीतीपायी अकरावी सुटली, ज्या भीतीने तो आज पोतं घेऊन निघाला, तिच्या गाडीत तो आपल्या पायाने चढला होता, वर आभारही मानून. जाळीतून त्याने बाहेर पाहिलं. रांगेतल्या एका डंपरच्या खिडकीतून अश्वजित तोंड उघडं टाकून त्याच्याकडेच बघत होता.

ठाण्याच्या आवारात कडुनिंबाखाली सगळ्यांना बसवलं. एक हवालदार टेबल घेऊन नावं लिहायला लागला. नाव, गाव, वय, शिक्षण. पोरं पटापटा सांगत होती. बी.ए. दुसरं वर्ष. बी.कॉम. पहिलं. बी.एस्सी. शेवटचं. लहानू ऐकत होता. त्याच्या वेळी वर्गातला पोरगा पोलिसापुढे उभा राहिला की त्याची जीभ टाळ्याला चिकटत असे. ही पोरं हवालदाराला आडनावाचं ऱ्हस्व-दीर्घ नीट लिहायला सांगत होती, आणि तो खोडून पुन्हा लिहीत होता. पुनम साहेबांशी तावातावाने बोलत होती आणि साहेब तिला ताई म्हणत होते. कोणी कोणाला मारलं नाही. कोणी कोणाला जंगलात नेलं नाही.

लहानूची पाळी आली.

"शिक्षण?"

"अकरावी," लहानू म्हणाला. मग खोटं नको म्हणून पुढे म्हणाला, "अर्धी."

हवालदाराने मान वर केली. "तुम्ही कोनाकडून आले?"

"आमच्या घरून मी."

"तसं नाई काका. संघटना कोनती?"

"घरटी एक येते जी आमच्याकडं. पोरीचं प्रॅक्टिकल हाये, म्हनून मी आलो."

हवालदाराने पेन खाली ठेवलं आणि हसला. मग त्याने चहा मागवला, पहिला कप लहानूला दिला. आपलीही पोरगी वसतिगृहातच शिकते, अहेरीला, असं तो हळू आवाजात म्हणाला. साहेब जवळच होते.

चहा पिता पिता लहानूला आपला बाप आठवला, डोक्यावर पोतं घेऊन पुढे चालणारा. बापाची भीती खरी होती. त्या भीतीने आपल्याला वाचवलं, नाहीतर आज इथे चहा प्यायला कोण असतं? इतकी वर्षं त्याने हे मान्य केलं होतं, पण उपकार म्हणून कधी मानलं नव्हतं. आज कडुनिंबाखाली बसून त्याने मनापासून बापाचे उपकार मानले. आणि त्याच वेळी त्याला हेही कळलं की आपण जी भीती पोत्यात घालून आणली ती शिळी आहे. बापाने त्याच्या वेळची ताजी भाकर वाढली होती. तीच इतक्या वर्षांनी पोरीच्या ताटात वाढायला आपण निघालो होतो.

ऊन उतरल्यावर सगळ्यांना सोडलं. ठाण्याच्या फाटकाबाहेर रिना उभी होती. प्रॅक्टिकलचा पांढरा कोट अंगातच, बोटांना लाल रंग लागलेला, आणि पायाशी बांधलेली बॅग. आईचा निरोप तिने ऐकला होता, अश्वजितचा फोनही येऊन गेला होता. ती रडून आलेली होती, पण आता रडत नव्हती.

"सामान बांधलं बाबा," ती म्हणाली. "चला."

लहानू तिच्याकडे बघत राहिला. चल म्हटलं असतं तर ती आली असती. तोही असाच मुकाट्याने बापामागून गेला होता.

"प्रॅक्टिकल कसं गेलं?"

"चांगलं गेलं."

"आता कोनतं?"

"परवा केमिस्ट्री आहे." मग तिची नजर त्याच्या काखेकडे गेली. पोत्याला चौकातली धूळ लागली होती. तिला सगळं माहीत होतं, तरी तिने विचारलं, "पोतं काहाले आनलं बाबा?"

लहानूने काखेतल्या पोत्याकडे पाहिलं.

"बसाले," तो म्हणाला.

रिना हसली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "चार नंबरमधून आज कोनी नसन म्हनून मले प्रॅक्टिकलातबी कसंतरी होत होतं," ती म्हणाली.

"होतं ना. मी होतो." त्याने तिची बॅग उचलली आणि वसतिगृहाच्या रस्त्याला लागला. "आपल्या घरचा एक इकडं बसला, एक तिकडं परीक्षेले बसली. झालं मंग. परवाच्याचा अभ्यास कर."

बॅग बिरजूच्या हवाली करून त्याने शेवटची बस धरली. कांता दारात वाट बघत उभी होती. तिने आधी त्याच्यामागे पाहिलं. मागे कोणी नाही आणि पोतं रिकामं, एवढं तिला पुरलं. तिने त्याला आंघोळीला गरम पाणी काढून दिलं, जे तिने अश्वजितच्या जन्माच्या दिवशी दिलं नव्हतं.

वसतिगृहाचा आदेश रद्द झाला नाही, पण थांबला. सरकारी कामात थांबलेलं म्हणजे पुष्कळदा विसरलेलं असतं, आणि कधी कधी विसरणं हेही उपकारच. लाखोरी घरी आल्यावर लहानूने डाळ करून थैल्या भरल्या आणि पुन्हा चामोर्शीला गेला. एक थैली पुनमला, एक निकेशला, एक बिरजूला. एक त्या हवालदाराला. हवालदार घेईना, हे लाच दिल्यासारखं दिसेल म्हणाला. लहानूने ती अहेरीला शिकणाऱ्या पोरीसाठी आहे असं सांगून टेबलावर ठेवली आणि पळाला. ठाण्यातून पळून जाणारा असा माणूस पोलिसांनीही पहिल्यांदाच पाहिला असेल.

मग जून आला. बारावीचा निकाल लागला. सरपंचांनी ग्रुपवर कॉलेजप्रवेशाची माहिती टाकली, जोडलेल्या हातांसकट. लोकांनी अंगठे दाखवले. दुसऱ्या सकाळी सरपंच आले नव्हते, कोणी बोलावलं नव्हतं, तरी लहानूने चहा संपवला, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

"कॉलेजले घरटी एक होऽऽ!"

गाव आधी हसलं. पण हाक ती हाक, आणि दारात उभा राहिलेला लहानू उत्तराशिवाय हलत नाही हे ज्याला त्याला माहीत. "आमच्या घरून आमचा पोरगा श्रावण," एका दारातून उत्तर आलं. "आमच्या घरचं अजून पाळन्यात हाये, लिवून ठेव," असं दुसऱ्या दारातून. काहींची पोरं आयटीआयला जाणार होती. त्यालाही लहानूने बरं म्हटलं. शिकणं ते शिकणं.

लटारूच्या दारात मात्र उत्तर येईना. लटारू आत होता, खोकलाही ऐकू येत होता. लहानू उभा राहिला. ऊन अंगणात आलं, कोंबड्या त्याच्या पायांतून फिरून गेल्या, लटारूची सून बाहेर येऊन पाणी देऊन गेली. शेवटी दारात चंचल आली. हातात निकालाचा कागद होता. तिने एकदा मागे आजाकडे पाहिलं.

"आमच्या घरून मी," ती म्हणाली.

मग आतून लटारूचा आवाज आला. "उत्तर भेटलं ना बाप्पा? आता जाय पुढं. अन् पोरीले कोनत्या गाडीनं जा लागते ते सांगून जाय."

लहानूने गाडी सांगितली. सगळं गाव फिरून तो नेहमीसारखा शेवटी आपल्या दारापुढे आला. तोंडाशी हात नेले आणि हाक दिली. इतकी वर्षं या दारातून उत्तर त्याने स्वतःच दिलं होतं, तेच द्यायला त्याने तोंड उघडलं.

"आमच्या घरून रिना," आतून कांता म्हणाली.

लहानू तसाच उभा राहिला. तोंडाशी नेलेले हात त्याने हळूच खाली घेतले. त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि आत गेला.